रुपयाचा हिशेब मागा!
(खंडाळ्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीतला माणूस. दिवसा पाठीवर गोण्या, रात्री कविता. शिक्षण मॅट्रिक. हा रुपयावर काय बोलणार, असं ज्याला वाटतं त्यानं आधी आपल्या पगाराच्या पाकिटाला विचारावं.

आपण बसलोय खंडाळ्यात. खाली बोरघाट. १८६३ साली इथून रेल्वे गेली. डोंगर फोडताना हजारो मजूर मेले. पण विलायतेतल्या शेअरवाल्याला पाच टक्क्यांची सरकारी हमी होती. रेल्वेला नफा झाला नाही तरी त्याचं व्याज पक्कं. भरायचं कुणी? इथल्या रयतेनं, महसुलातून. मजुराच्या जिवाला हमी नव्हती. सरकारी तिजोरी म्हणजे एवढंच: हमी कुणाला, बोजा कुणावर!

हे कोडं बाबासाहेबांनी फोडलं. १९२३ साली लंडनला त्यांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' छापलं. त्यांनी दाखवलं, रुपया स्वस्त केला की व्यापाऱ्याचं फावतं. पण तो नफा परदेशातून येत नाही, याच देशातल्या एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. भाव आधी चढतात, मजुरी मागनं लंगडत येते. मधल्या मधे मजुरी न कापताच कापली जाते. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढं त्यांनी साक्ष दिली: सरकारच्या मर्जीनं रुपये पाडणं बंद करा.

१ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. २०१६ साली कायद्यात लक्ष्य आलं: महागाई चार टक्के, वर-खाली दोन. २०२२ साली ती सलग तीन तिमाही सहाच्या वर राहिली. कायद्याप्रमाणं बँकेनं सरकारला खुलाशाचं पत्र पाठवलं. सरकार संसदेत म्हणालं, पत्र जाहीर करायची तरतूद नाही. भाकर आमची महागली, आणि खुलासा आम्हालाच बंद!

औषध कोणतं दिलं? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर चारवरून साडेसहा. कर्ज महाग, खरेदी कमी, मग भाव उतरतात, हे गणित. पण २०१२ च्या निर्देशांकात जवळपास ४६ टक्के वाटा खाण्यापिण्याचा. रेपो वाढवून टोमॅटोवर पाऊस पडत नाही. उलट कर्ज महागलं की मालक काम आवरतो, आणि पहिला सुटतो कंत्राटी हात.

म्हणून व्याज वाढवूच नका, असं मी म्हणत नाही. महागाई मोकाट सुटली तर पहिली आपल्यालाच चावते. माझं म्हणणं, औषधाचा कडू घोट एकट्या मजुरानंच का घ्यायचा?

२०२४-२५ चा रिझर्व्ह बँकेचा शिलकी नफा सुमारे २ लाख ६९ हजार कोटी केंद्र सरकारकडं गेला. त्यातलं रेशनला किती, शिष्यवृत्तीला किती, विचारा! महाराष्ट्रात किमान वेतनावर महागाईप्रमाणं विशेष भत्ता आहे, दर सहा महिन्यांनी बदलतो. तुमचा कंत्राटदार देतो का? उद्या पगाराची चिठ्ठी मागा. नसेल तर चौघं मिळून कामगार आयुक्ताच्या दारात बसा.

बाबासाहेबांनी रुपयाला प्रश्न विचारला. आपण निदान चिठ्ठीला विचारू.

जय भीम.