शाळेच्या आवारातील कण्हेर
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



पटनोंदणी, वाचन, गणित असे विषय सोडून विस्तार अधिकारी आज कण्हेरीवर काय बोलणार, असे आपणांस वाटले असेल. परंतु चौथीतील एका मुलीने मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचे उत्तर चुकीचे दिले होते. ती चूक आज आपणांसमोर सांगावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी दुष्काळी भागातील एका शाळेच्या तपासणीस मी गेलो होतो. आदल्या दिवशी कुंपणाच्या कण्हेरीची छाटणी झाली होती आणि फांद्यांचा ढीग फाटकाशी पडला होता. मुलांनी सांभाळलेले एक कुत्र्याचे पिल्लू सकाळपासून त्या काटक्यांशी खेळत, त्या चावीत होते. दुपारी खिचडी वाढली तरी ते उठेना. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि दोनदा त्यास वांती झाली होती. तेव्हा त्या मुलीने विचारले, "साहेब, कण्हेर कुत्र्याला बाधते का?" मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, "बाळ, मुके जनावर विषारी पाल्याला तोंड लावीत नाही." दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा निरोप आला की, पिल्लू रात्रीच गेले.

पिल्लाची तपासणी कोणी केली नाही. म्हणून ते कण्हेरीनेच मेले, असे मी शपथेवर सांगणार नाही. परंतु माझ्या उत्तरामुळे पशुवैद्यास बोलावण्याचा विचारही कोणी केला नाही, एवढे मात्र खरे.

खरे उत्तर असे आहे. कण्हेर कुत्र्यास विषारी आहे. गाय, बैल, शेळी, मेंढी, घोडा आणि माणूस यांसही विषारी आहे. तिचे मूळ, साल, पान, फूल, बी यांपैकी एकही भाग निर्धोक नाही. तिच्यातील ओलिअँड्रिन नावाचे द्रव्य थेट हृदयावर परिणाम करते. प्रथम लाळ, वांती व जुलाब होतात. मग नाडी मंद वा अनियमित होते आणि शेवटी हृदय बंद पडू शकते. आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर. तिचीच दुसरी नावे अश्वमारक आणि हयमारक, म्हणजे घोड्यास मारणारी, अशी आहेत.

मग आपण ती लावतो का? माण, खटाव, आटपाडी, जत येथे पाण्याची टंचाई; कण्हेर थोड्या पाण्यावर तग धरते, बारमाही फुलते आणि गुरे तिला खात नाहीत. साताऱ्यावरून जाणाऱ्या महामार्गाच्या दुभाजकांतही ती याच गुणांमुळे दिसते. गुरे खात नाहीत, हा आपण तिचा गुण मानतो. पण तिचा कडवटपणा आणि तिचे विष हेच त्याचे कारण आहे, हे विसरतो. शिवाय हा कडवटपणा पुरेसा राखणदार नव्हे. भुकेले गुरू वैरणीत मिसळलेली वाळकी पाने खाते. वाळल्याने विष जात नाही. पिल्लू तर भुकेने नव्हे, दात शिवशिवतात म्हणून चावते. आणि पहिलीतील मूलही हाती येईल ते तोंडात घालते, हे आपणांस मी सांगावयास नको.

कण्हेरीची बहीण बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या कठीण बियांशी मुले हौसेने खेळतात. त्या बिया अतिशय विषारी असतात. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि मग वर्गच्या वर्ग वांत्यांनी हैराण होतो.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. शाळेच्या आवारात, विशेषतः परसबागेजवळ व लहान मुलांच्या खेळण्याच्या जागी, कण्हेर, बिट्टी व मोगली एरंड लावू नयेत. असलेली झाडे काढावयाची झाल्यास ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या संमतीने काढावीत. तोवर छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नयेत आणि जाळूही नयेत, कारण धूरही बाधतो; त्या खोल पुराव्यात. कण्हेरीची काटकी दातवण म्हणून, चुलीत किंवा अन्न ढवळण्यास कधीही वापरू नये. तिच्या जागी जास्वंद, मोगरा, अबोली लावावी.

जनावराने पाला खाल्ल्याची शंका येताच लक्षणांची वाट पाहू नये. मीठपाणी पाजून वांती करविणे, दूध वा तूप देणे हे उपाय नव्हेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे किंवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून डॉक्टरांस दाखवावी. मुलाच्या बाबतीत तर क्षणाचाही विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. परिसर अभ्यासाच्या तासास मुलांना आवारात न्यावे व प्रत्येक झाडाचे नाव आणि गुणदोष सांगावेत. एखाद्या मुलाने असे काही विचारले की, ज्याचे उत्तर आपणांस येत नाही, तर "मला ठाऊक नाही, आपण लगेच विचारू" असे म्हणण्यात शिक्षकाचा कमीपणा नाही. त्या दिवशी मी एवढेच म्हणालो असतो, तर कदाचित ते पिल्लू वाचले असते.