शिवणवर्गापुढची वाट
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मुलगी आय.टी.आय.त गेली की घरोघर म्हणतात, "बरं झालं, हाताला काम लागेल. शिक्षण संपलं!" पण ते तिथे संपायचे काही कारण नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. अभ्यासक्रम पुरा केला की तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी. म्हणजे वीजतंत्रीचा कोर्स केलेली मुलगी पुढे इंजिनिअर होऊ शकते.

मात्र 'दोन वर्षांचा' हे शब्द नीट ऐका हं! शिवणाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, सौंदर्योपचाराचाही एकाच वर्षाचा. 'मुलीला झेपेल' म्हणून आपण लेकींना धाडतो ते नेमके तिकडेच, आणि ती वाट या शिडीपर्यंत पोचत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बी.व्होक. पदवीची योजना आणली. एका वर्षाने पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तिसऱ्या वर्षी पदवी. मध्येच लग्न-बाळंतपण आले तरी पदरात काही उरते. पण तिथे बारावी लागते. शिवणात घालवलेले वर्ष विद्यापीठाने जमेस धरावे, असा करार महाविद्यालये आणि आय.टी.आय. यांनी आपसांत का करू नये?

यंदा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी प्राचार्यांना एवढे विचाराच: "हिला इथून पुढे कुठल्या वर्गात, कितव्या वर्षाला घेतील?" उत्तर लिहून घ्या आणि मंडळात आणून द्या. आपण ती सारी उत्तरे घेऊन विद्यापीठाकडे जाऊ.