काजूच्या बीमागचा देश : बेनिन

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘आफ्रिकेतले अनुभव’. आफ्रिकेत ५४ देश आहेत. त्यातल्या एकाच देशाबद्दल मी थोडंफार खात्रीने बोलू शकतो. तो देश म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला बेनिन. कच्ची काजू बी खरेदी करण्याच्या कामासाठी मी तिथे बरेच हंगाम काढले. आपल्यापैकी काही जणांचे काजूचे कारखाने आहेत, बऱ्याच जणांच्या बागा आहेत, आणि ज्यांचं यातलं काही नाही त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी काजू फोडायला गेलेलं आहे. त्यामुळे हा देश नकाशावर दिसतो तेवढा लांबचा नाही.

भूगोलाच्या तासाला सर आधी नकाशा लावायचे आणि मग बोलायचे. आपणही तसंच करू. आफ्रिकेचा पश्चिमेकडचा फुगवटा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या खालच्या अंगाला, नायजेरिया आणि टोगो यांच्यामध्ये एक उभी पट्टी आहे. समुद्रकिनारा फक्त १२० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याएवढाच म्हणा. पण तिथून उत्तरेला नायजर नदीपर्यंत जायचं तर साडेसहाशे-सातशे किलोमीटर. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त आणि लोकसंख्या १ कोटी ४० लाखांच्या घरात. डोंगर जवळजवळ नाहीतच. सगळ्यात उंच जागासुद्धा ६६० मीटरच्या आतली.

दक्षिणेला खाड्या, सरोवरं, माड आणि तेलताड. तिथे वर्षातून दोनदा पाऊस पडतो, पण आपल्यासारखा कोसळत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा दाट जंगलाचा पट्टा नेमका बेनिन-टोगोपाशी तुटतो आणि कोरडं माळरान समुद्रापर्यंत खाली येतं. उत्तरेला एकच पावसाळा, त्यानंतर सहारातून येणारा धुळीचा कोरडा वारा. त्याला तिथे हरमाटान म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा वारा वाहतो, ओठ फुटतात, आकाश पिवळट होतं. मधल्या आणि उत्तरेच्या भागात काजू होतो. फेब्रुवारी ते मे हा त्याचा हंगाम. बी पडते तेव्हा हवा कोरडी असते, त्यामुळे ती चांगली वाळते.

बीचा कस आम्ही कसा बघतो, ते कारखानदार मित्रांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. एक किलो बी मोजून घ्यायची, प्रत्येक बी मधोमध कापायची, चांगला गर, डागी गर आणि पोकळ बी वेगळी करायची, आणि गराचं वजन करायचं. या धंद्यात ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघतो यावर भाव ठरतो. बेनिनच्या चांगल्या मालाचा उतारा ४७-४८ पौंडांपर्यंत जातो, म्हणजे एका पोत्याला २१-२२ किलो गर. पश्चिम आफ्रिकेत बेनिनच्या मालाला नाव आहे ते त्यामुळे. आपल्या भागातल्या कारखान्यांना स्थानिक बी वर्षभर पुरत नाही. पावसाळ्यानंतरही ते चालू राहतात याचं एक कारण आफ्रिकेतून आलेली ही पोती.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बेनिनच्या किनाऱ्यावर विदा नावाचं गाव आहे. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत या एका गावातून सुमारे १० लाख माणसं गुलाम म्हणून जहाजात भरून ब्राझील, कॅरिबियन बेटं आणि अमेरिकेकडे पाठवली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पकडून आणणाऱ्यांत आतल्या भागातलं दाहोमेचं बलाढ्य राज्य होतं. विकत घेणारे पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रज, ब्राझीलचे. आज तिथे समुद्राकडे तोंड करून एक मोठी कमान उभी आहे. तिचं नाव ‘परत न येण्याचं दार’. गावातून त्या कमानीपर्यंत तीन-चार किलोमीटरचा मातीचा रस्ता आहे. दुपारच्या उन्हात तो चालून जाताना मी कोणालाही मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही.

या गावात पाट्या वाचत फिरलं तर आपण गोव्यात आलो की काय असं वाटतं. डिसोझा, डिसिल्वा ही आडनावं तिथे सर्रास आहेत. काही ब्राझीलहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांची, तर काही सुटून परत आलेल्या गुलामांच्या वंशजांची. आणि एक गंमत ऐका. विदामध्ये पोर्तुगीजांचा एक छोटासा किल्ला होता. आजूबाजूचा सगळा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात गेला, पुढे १ ऑगस्ट १९६० ला देश स्वतंत्र झाला, तरी त्या चार भिंतींच्या आत पोर्तुगालचा झेंडा फडकतच होता. १९६१ च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने तो ताब्यात घेतला. जाताना तिथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने किल्ल्याला आग लावून दिली. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. सालाझारच्या हट्टाचा अनुभव आपण आणि त्यांनी बरोबरीने घेतला. आणि काजूचं झाडसुद्धा मूळचं ब्राझीलचं, आपल्याकडे आणलं ते पोर्तुगीजांनीच.

स्वातंत्र्यानंतर देशाचं नाव दाहोमे होतं. १९७५ मध्ये मातिय केरेकू या लष्करशहाने ते बदलून बेनिन केलं आणि मार्क्सवादी राजवट आणली. १५ वर्षांत बँका बुडाल्या, पगार थकले. १९९० च्या फेब्रुवारीत सगळ्या गटांची राष्ट्रीय परिषद भरली, आणि गोळी न झाडता सत्ता लोकांकडे आली. १९९१ च्या निवडणुकीत केरेकू हरले आणि खुर्ची सोडून घरी गेले. पुढे १९९६ मध्ये मतांनीच परत आले. आफ्रिकेत त्या काळी हे मोठं अप्रूप होतं. अलीकडे ही घडी विस्कटली आहे. २०१९ च्या संसदेच्या निवडणुकीत विरोधी पक्षांना उभंच राहता आलं नाही. उत्तरेच्या सीमेवर सशस्त्र टोळ्यांचे हल्लेही सुरू झाले आहेत.

पोट कशावर चालतं? सरकारी हिशेबात कापूस पहिला. विदर्भासारखीच कोरडवाहू शेती, आणि चांगल्या वर्षी ६-७ लाख टन कापूस. पण प्रत्यक्षात देशाचं मोठं उत्पन्न शेजाऱ्यामुळे येतं. कोटोनू बंदरात उतरणारा बराच माल बेनिनसाठी नसतोच. जुन्या मोटारी, कापड, आणि आपल्या भारतातून गेलेला तांदूळ. यातलं बरंचसं पुढे नायजेरियात जातं, काही नायजरला. उलट दिशेने नायजेरियाचं स्वस्त पेट्रोल चोरवाटांनी येतं आणि रस्त्याच्या कडेला काचेच्या बरण्यांतून विकलं जातं. कोटोनूचे पिवळ्या सदऱ्यातले मोटारसायकल टॅक्सीवाले त्याच्यावर चालतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नायजेरियाने सीमा बंद केली ती २०२० च्या डिसेंबरपर्यंत. अलादाकडचा अननस ट्रकमध्येच सडला. २०२३ च्या मे महिन्यात नायजेरियाने पेट्रोलवरचं अनुदान काढलं, आणि काही दिवसांत कोटोनूमधल्या बरणीतल्या पेट्रोलचा भाव दुपटीच्या आसपास गेला. निर्णय शेजाऱ्याचा आणि महागाई यांची. त्यांचं चलनही त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. ते युरोला बांधलेलं आहे, एका युरोला ६५५.९५७ फ्रँक, आणि हा दर कोटोनूमध्ये ठरत नाही.

या सगळ्यात घर सांभाळतात त्या बायका. कोटोनूचा दांतोक्पा बाजार पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक आहे आणि तो बायकांच्याच ताब्यात आहे. कापड, मिरची, सुकी मासळी, सगळ्याच्या मालकिणी. बँकेत त्यांचं फारसं जाणं नसतं, पण ‘तोंतीन’ असते. तोंतीन म्हणजे आपली भिशी. रोज एक माणूस वही घेऊन फिरतो, थोडे थोडे पैसे गोळा करतो, आणि महिनाअखेरीस आपला मोबदला कापून बाकीचे परत देतो. माल भरायला, मुलाची फी भरायला, मयतीला, सगळ्याला तोच पैसा. जेवणात मधल्या भागात आपल्या कोनफळाच्या जातीचे मोठे कंद असतात. ते उकडून उखळात कांडायचे आणि रश्शाबरोबर खायचे. पहाटे गावात उखळांचे आवाज सुरू झाले की झोप लागत नाही.

आता ज्यासाठी मी एवढा इतिहास-भूगोल सांगितला, त्या मुद्द्यावर येतो.

या किनाऱ्यावरून आधी माणसं गेली. गुलामांचा व्यापार बंद पडल्यावर ताडाचं तेल गेलं, युरोपच्या साबणाला आणि यंत्रांना. मग कापूस गेला, सरकी काढून, गाठी बांधून. मग काजूची बी गेली. प्रत्येक वेळी माल कच्चा गेला आणि त्याच्यावर हात फिरवून पैसा मिळवला तो दुसऱ्यांनी. जगातली निम्म्याहून जास्त काजू बी आफ्रिकेत पिकते. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यातली १५ टक्केसुद्धा आफ्रिकेत फोडली जात नव्हती. बाकीची भारतात आणि व्हिएतनाममध्ये येत होती. त्यात माझाही रोजगार होता आणि आपल्या गावचाही.

बेनिनने हे थांबवायचं ठरवलं. कोटोनूपासून ४५ किलोमीटरवर ग्लो-जिग्बे इथे मोठी औद्योगिक वसाहत उभी केली. तिथे काजू फोडण्याचे आणि कापड-कपड्यांचे कारखाने आले. आणि १ एप्रिल २०२४ पासून कच्ची काजू बी देशाबाहेर पाठवायला बंदी केली. ज्याला बेनिनची बी हवी त्याने तिथेच येऊन फोडावी.

ही बातमी आली तेव्हा मला आपल्याच गावातून फोन आले. सूर एकच, “हे लोक आता आपल्या पोटावर उठले.” मला तो राग समजतो. बी महागली की लहान कारखाना आधी बंद पडतो, आणि तो बंद पडला की ३०-४० बायकांचं काम जातं. त्यातल्या काही जणींनी चिकाने हात भाजून घेत मुलं शिकवली आहेत. त्यांतली काही मुलं आपल्या वर्गात होती.

पण ग्लो-जिग्बेच्या कारखान्यात बाकावर बसलेल्याही बायकाच आहेत. तोच चीक, तसेच हात, आणि महिन्याच्या शेवटी तोंतीनच्या वहीत भरायचे तसेच पैसे. तुमचं पीक तुम्ही कच्चंच विका, म्हणजे आमचा कारखाना चालेल, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

ही बंदी म्हणजे सगळ्यावर औषध आहे असंही मी म्हणत नाही. कारखाने पिकाला पुरे पडले नाहीत तर गिऱ्हाईक कमी होऊन शेतकऱ्याचा भाव पडतो. शेजारच्या देशात भाव जास्त असला की पोती रात्रीची सीमा ओलांडतात. हा प्रश्न त्यांचा आहे आणि तो त्यांनाच सोडवायचा आहे. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. परक्याच्या बीवर आपण किती दिवस कारखाना चालवणार? आपल्या डोंगरातल्या जुन्या, कमी देणाऱ्या बागा तशाच आहेत. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या चांगल्या जाती हाताशी आहेत. बोंडू आजही बहुतेक बागांत पडून कुजतो. हे काम बेनिन आपल्यासाठी करणार नाही.

आणि मित्रांनो, एक गोष्ट आपल्या सगळ्यांची. कच्चा माल बाहेर पाठवण्यात आपला मुलूखही मागे नाही. इथून आंबा गेला, मासळी गेली, आणि सगळ्यात जास्त गेली ती माणसं. दहावी झाली की मुंबईची गाडी. या सभागृहातले निम्मे तरी आज मुंबई, पुणे, आखात, असे कुठून कुठून आले आहेत. शाळेने आपल्याला घडवलं आणि आपला उपयोग दुसरीकडे झाला. यात दोष कोणाचाच नाही, पोट तिकडे होतं. आपण निदान परत तरी येऊ शकलो. विदाच्या त्या कमानीतून गेलेल्यांना तेही मिळालं नाही.

म्हणून जाण्याआधी दोन विनंत्या करतो. ज्यांचे कारखाने आहेत त्यांनी दर वर्षी नववीच्या मुलांना एक दिवस आत न्यावं, बीपासून डब्यापर्यंत सगळं दाखवावं, हिशेबासकट. आणि जे बाहेर आहोत त्यांनी मिळून एक छोटी भिशी सुरू करावी. तिचे पैसे इथेच राहून काही करू बघणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला बिनव्याजी द्यावेत. वही मी घेऊन फिरतो, मोबदला नको.

सर, तुम्ही नकाशा भरायला लावायचात तेव्हा आफ्रिकेत आम्ही फक्त नाईल आणि सहारा दाखवायचो. आज त्यात एक बारीक उभी पट्टी वाढवली, एवढंच.