भरड मासे आणि कामगाराची सुट्टी



कामगार-चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर यावे आणि विषय घ्यावा तो गळाने मासे धरण्याचा, तोही विलायतेतल्या हिवाळ्यातला, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. बाहेर वैशाखाचे ऊन तापते आहे आणि आम्ही गोठलेल्या तळ्याची हकीकत सांगणार! पण हा विषय आम्ही गमतीखातर घेतलेला नाही. आम्ही शाळा सातवीत सोडली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. त्या कपाटात इंग्लंडच्या कामगारांचे संप सापडले, त्यांचे कायदे सापडले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे मासेही सापडले. संप सगळेच सांगतात. आज मासे सांगावेत असे आम्ही ठरवले.

इंग्रजांनी गोड्या पाण्यातल्या माशांतही जात पाडली आहे. साल्मन आणि ट्राउट हे खानदानी मासे. त्यांच्या नद्यांचे काठ जमीनदारांचे आणि तिथे गळ टाकण्याचा मान पैसेवाल्यांचा. उरलेले रोच, ब्रीम, टेंच, पर्च, कार्प, पाइक वगैरे सगळे मिळून ‘भरड’ मासे. आपल्याकडे गहू-तांदूळ वरच्या पंक्तीला आणि ज्वारी-बाजरी ‘भरड धान्य’, तशातलाच हा प्रकार. भरड मासा कालव्यात राहतो, खाणीच्या खड्ड्यात राहतो, गिरणीच्या तळ्यात राहतो. म्हणजे कामगार राहतो त्याच्या शेजारीच राहतो. म्हणून तो कामगाराचा मासा झाला.

हे गिरणीचे तळे काय असते, तेही सांगतो. लँकेशायरात त्याला ‘लॉज’ म्हणतात. आपल्याला लॉज म्हटले की खाट आणि गादी आठवते. तिथे मात्र पाणी आठवते. सूतगिरण्या वाफेवर चालत. बॉयलरला पाणी लागे आणि वापरलेली वाफ थंड करायलाही पाणी लागे. त्यासाठी बोल्टन, ओल्डहॅम, रॉचडेल या गावांतून गिरणीला लागून तळी खणलेली असत. यंत्रातून परत येणारे पाणी कोमट असे. मालकाने तळे खणले ते यंत्रासाठी. पण त्यात मासे वाढले आणि काठावर कामगार येऊन बसला.

पण काठावर बसायला आधी वेळ लागतो, आणि तो कोणी फुकट दिलेला नाही. १८४७ साली स्त्रिया व अल्पवयीन मुले यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला. १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांचे काम थांबू लागले. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषांचेही काम थांबू लागले. आता हिशेब करा. मँचेस्टरकडे डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो. दोनला सुटलेल्या माणसाच्या पदरात उजेडाचे जेमतेम दोन तास पडत. ते तो कुठे घालवी? तर या तळ्यावर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, एका बुचाकडे पाहत!

या थंडीत मासा गळाला लागतो तरी कसा? आम्हांलाही प्रथम हाच प्रश्न पडला. त्याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी सर्वांत जड असते ते चार अंश सेल्सियसला. त्याहून थंड झाले की ते हलके होऊन वर राहते आणि तिथेच त्याचा बर्फ होतो. म्हणून खोल, संथ तळ्यात वर शून्य अंश असले तरी तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी टिकते. मासे तिथे थवा करून राहतात. माशाच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते; पाणी थंड तर मासाही थंड. त्याचे पचन मंदावते, भूक घटते, हालचाल कमी होते. टेंचसारखा मासा तर चिखलालगत जवळजवळ निपचित पडून राहतो. रोच आणि पर्च थोडेथोडे खात राहतात. पाइक हा शिकारी मासा मात्र भर हिवाळ्यातही तल्लख असतो.

म्हणून हिवाळ्यातली गळेगिरी म्हणजे काटकसरीचे शास्त्र आहे. उन्हाळ्यात मूठमूठ चारा फेकतात, हिवाळ्यात चिमूटभर. अळी एकच लावायची किंवा पावाचा शेंगदाण्याएवढा तुकडा. गळ बारीक, दोरा बारीक, कारण थंडीत शेवाळ मरून पाणी नितळ होते आणि जाड दोरा माशाला दिसतो. आधी दोऱ्याला शिसे बांधून तळाची खोली मोजायची, मग आमिष बरोबर तळाशी ठेवायचे. मासा ओढ घेत नाही. नुसते ओठात धरून पाहतो. बूच बुडत नाही, केसभर खाली जाते. तेवढे ज्याला दिसले त्याला मासा. एकाएकी गारठा पडला तर मासे तोंड मिटून घेतात. तीन-चार दिवस हवा एकसारखी राहिली की पुन्हा खाऊ लागतात. पुष्कळदा दिवसभर काही नाही आणि अंधार पडण्याआधीच्या तासाभरात दोन-चार हाती लागतात.

२०१२ च्या जानेवारीत एका कामगार-शिष्टमंडळाबरोबर आम्हांला लँकेशायरात जाण्याचा योग आला. गिरण्या कधीच बंद पडलेल्या होत्या. एका गावी अशा तळ्याच्या काठी सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ लाकडी पेटीवर बसलेले दिसले. पंधराव्या वर्षी ते सांचाखात्यात लागले होते. आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्ही विचारले, “सकाळपासून किती मिळाले?” त्यांनी कान पुढे केला. आम्ही ओरडून विचारले. “चार,” ते म्हणाले. “घरी नेणार?” “छे हो! हाडेच फार. आणि नेले तर उद्या कोणासाठी येऊ?” असे म्हणून त्यांनी पाण्यातली जाळी उचलली, हात ओला केला, माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर जाऊ नये म्हणून बेताने धरून एकेक मासा पाण्यात सोडला. मग कानाकडे बोट दाखवून म्हणाले, “हे सांच्यांनी नेले. पण बुचाला कान लागत नाहीत.”

मंडळी, आम्ही पुष्कळ सभा केल्या, पण कामगाराच्या फुरसतीवर याहून नेमके भाषण आम्ही ऐकले नाही. सांच्यावर जे गेले ते परत आले नाही. पण डोळे, हात आणि वेळ ही भांडवले त्या माणसाने स्वतःसाठी राखली होती. त्या चार माशांचा बाजारभाव शून्य. त्या दिवसाची किंमत तो मालक कशी करणार?

आता हे पाणी टिकले कसे, ते पाहा. शेफिल्डचे पोलाद-कामगार, नॉटिंगहॅमचे मोजे विणणारे यांनी गुत्त्यांतून बैठका भरवून गळेकऱ्यांची मंडळे काढली. आठवड्याची वर्गणी पेनींत. त्या पेन्या साठवून पाण्याचे हक्क भाड्याने घेतले, नियम केले, चिटणीस नेमले, शर्यती भरवल्या. आमची युनियन याहून वेगळी काय चालते? १९०३ साली अशा मंडळांचा राष्ट्रीय संघ झाला. त्याच्याही आधी, १८७८ साली, भरड माशांच्या विणीच्या हंगामात मासेमारी बंद ठेवणारा कायदा झाला. तो आणला शेफिल्डचे खासदार मुंडेला यांनी. हेच गृहस्थ १८६० साली नॉटिंगहॅमला मालक-कामगारांचे लवाद मंडळ उभे करण्यात पुढे होते. या कायद्यामुळे १५ मार्च ते १५ जून गळ बंद. बहुतेक तळ्यांवरची ही बंदी १९९५ साली उठली. नद्यांवर ती आजही आहे.

मंडळे कोर्टातही लढली. १९४८ साली गळेकऱ्यांची एक सहकारी संस्था निघाली. पाणी नासवणाऱ्यावर फिर्याद करायची, हे तिचे काम. तिच्या पाठबळावर डर्बीच्या एका गळेकरी मंडळाने डरवेंट नदीसाठी दावा लावला. प्रतिवादी तीन : कृत्रिम रेशमाचा कारखाना ब्रिटिश सेलानीज, डर्बीची नगरपालिका आणि सरकारी वीजमंडळ. १९५२-५३ मध्ये मंडळ जिंकले. कोर्टाने नुसती भरपाई देऊन विषय मिटवला नाही, मनाई हुकूम दिला. पैसे घ्या आणि घाण सोसा, हा सौदा गळेकऱ्यांनी नाकारला होता.

पण चांगल्या माणसांच्या छंदालाही शिस्त लागते. गळाला लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्या पाण्यात पडत. हंस त्या खडे समजून गिळत आणि विषाने मरत. आपखुशीने सोडा म्हणून सांगून झाले, पुरेसे सुटले नाही. शेवटी १९८७ साली त्या गोळ्यांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या सुट्टीचा भार दुसऱ्या जिवावर टाकू नये, एवढाच त्यातला बोध.

तुम्ही म्हणाल, हे सारे परक्या देशाचे झाले. पण आपल्याकडेही सुट्टी आकाशातून पडलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज झाला. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. १० जून १८९० ला ती मिळाली. त्या रविवारने गिरणगावाला भजनी मंडळे दिली, आखाडे दिले, नाटके दिली. आज मात्र कंत्राटी पोराला विचारले, “सुट्टी कधी?” तर तो हसतो. २०२५ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. कामगाराची संमती हवी आणि जादा वेतन द्यावे, असे त्यात आहे. पण कंत्राटी माणसाची संमती म्हणजे काय, हे तुम्ही आम्ही जाणतो. जादा वेतनाने घरात धान्य येईल. तो तास परत येणार नाही.

गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. तरी काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात एक तळे आहे. तिथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे महापालिकेने ठरवलेले आहे. आमची मागणी साधी आहे : त्या तळ्याच्या काठी दोन बाकडी अशी ठेवावीत, की ज्यांवर गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाला तिकिटाशिवाय, कारण न सांगता बसता यावे. आणि त्याच्या नातवाला आठवड्यातून एक दिवस त्याच्या शेजारी बसण्याइतकी सवड असावी. पहिले काम पालिकेचे आहे. दुसरे आपले आहे, आणि ते वर्गणीशिवाय, बैठकीशिवाय व्हायचे नाही. उद्यापासून आपापल्या खात्यात हाच प्रश्न काढा : तुझी सुट्टी कधी?