आधी दोनशे उड्या, मग कॅमेरा
(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

वंदनीय गुरुजन, आणि आता चष्मा लावून एकमेकांना ओळखायचा प्रयत्न करणारे माझे सगळे पोट्टे-पोट्ट्या हो,

संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे : "तू विमानातून उड्या मारणाऱ्या लोकांचे शूटिंग करायचास म्हणे, त्याबद्दल सांग." सकाळपासून निदान वीस जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "भीती नाही वाटत का बे?" त्याचे उत्तर एका शब्दात देऊन टाकतो : वाटते. पण मला बोलायचे आहे ते वेगळ्या गोष्टीवर. आपल्या बॅचमधल्या एका मित्राचा मुलगा सध्या याच वाटेवर आहे. त्या मित्रानेच मला सांगितले, "त्याला फोनवर जे बोललास ते सगळ्यांसमोर बोल. आमची पोरं काय काय करायला निघतात, आम्हाला निदान समजू तरी दे."

आधी काम काय असते ते सांगतो. टँडम उडी म्हणजे दोघांची उडी. ज्याने आयुष्यात कधी पॅराशूट पाहिले नाही अशा पाहुण्याला प्रशिक्षक स्वतःच्या छातीशी पट्ट्यांनी बांधून घेतो आणि दोघे मिळून उडी मारतात. १९८०च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत रुजली आणि सामान्य माणसाला आकाश मोकळे झाले. उडी साधारण १३,००० फुटांवरून. म्हणजे चार किलोमीटर. राजकमल चौकातून बडनेऱ्याकडे निघाले तर जवळपास अर्धी वाट होईल, ती वाट उभी करून बघा. किंवा असे म्हणा, की साडेतीन चिखलदरे एकावर एक. तेवढ्या उंचीवरून पडायला लागले की दर तासाला दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग येतो आणि सुमारे पन्नास सेकंदांत पॅराशूट उघडायची वेळ होते.

हा पाहुणा आयुष्यात बहुधा एकदाच उडी मारणार असतो. त्याला ती घरी नेऊन दाखवायची असते. म्हणून तिसरा माणूस त्यांच्याबरोबर उडी मारतो. त्याच्या शिरस्त्राणावर एक व्हिडिओ कॅमेरा आणि एक फोटोचा कॅमेरा. फोटोचे बटण तोंडात धरलेले असते, जिभेने किंवा दाताने दाबायचे, कारण हात उडायला लागतात. तो तिसरा माणूस मी होतो.

आता यात अवघड काय? आपल्या गणिताच्या सरांच्या भाषेत सांगायचे तर दोन पडणाऱ्या वस्तूंचा वेग सारखा ठेवायचा. दोन माणसे एकत्र बांधली की वजन जास्त, म्हणून ती एकट्यापेक्षा वेगाने पडतात. त्यांना आवरायला मागे एक छोटे पॅराशूट सोडतात, त्याला ड्रोग म्हणतात. तरी प्रत्येक जोडीचे वजन वेगळे. कधी ९५ किलोचा पाहुणा, कधी ४५ किलोची मुलगी. कॅमेरावाल्याच्या पोशाखाला काखेपासून पंखासारखे कापड लावलेले असते. हात पसरले की तो हळू पडतो, आखडले की जोरात. असे करत पाहुण्याच्या समोर, किंचित खाली, हातभर अंतर राखून पन्नास सेकंद टिकायचे. त्यांच्या वर कधीही जायचे नाही, कारण ड्रोग आणि मोठे पॅराशूट वरच उघडते. थेट खालीही जायचे नाही. प्रशिक्षकाने इशारा केला की मागे सरकायचे, त्यांचे पॅराशूट उघडताना टिपायचे आणि मग स्वतःचे भान ठेवायचे, कारण आपण अजून पडतच असतो. आपले पॅराशूट त्यांच्या खाली उघडते, आपण आधी जमिनीवर पोचतो आणि त्यांचे उतरणे टिपायला तयार उभे राहतो.

या कामासाठी किती अनुभव हवा, याचे आकडे ठरलेले आहेत. अमेरिकेत या खेळाची जी संघटना आहे, युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, तिचा पहिला परवाना २५ उड्यांनंतर मिळतो, दुसरा ५० नंतर, तिसरा २०० नंतर आणि चौथा ५०० नंतर. कॅमेरा डोक्यावर लावायचा तर तिसरा परवाना, म्हणजे दोनशे उड्या झालेल्या असाव्यात असे तिचे म्हणणे. नवख्या पाहुण्यांचे शूटिंग करायचे तर इतरांसोबत मिळून मारलेल्या तीनशे उड्या, आणि त्याआधी अनुभवी उडीवाल्यांचे शूटिंग करत मारलेल्या निदान पन्नास. पाहुण्याला छातीशी बांधणाऱ्या प्रशिक्षकाला तर पाचशे उड्या आणि या खेळातली तीन वर्षे लागतात.

दोनशे हा आकडा मोठा वाटतो ना? हिशेब करू. एका उडीत एक मिनिट धरा. दोनशे उड्या म्हणजे दोनशे मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. दहावीला मराठीच्या पेपरला जेवढा वेळ मिळायचा, त्याहून फक्त वीस मिनिटे जास्त. एवढ्याच अनुभवावर एक माणूस हवेत दुसऱ्याच्या जिवाजवळ जाणार. मला आजही तो आकडा कमीच वाटतो.

आणि हा नियम कशासाठी? कॅमेरा जड असतो म्हणून नाही. हल्लीचे कॅमेरे काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. खरे कारण मला अमेरिकेत जायच्या कितीतरी आधी अकोल्याला कळले होते. माझ्या मामांचा टिळक रोडला फोटो स्टुडिओ होता. सुट्टीत मी तिथे असायचो. व्हीएचएसचा जमाना. लग्नाच्या शूटिंगला मामा मला न्यायचे, पण पहिली दोन वर्षे मी फक्त हॅलोजन धरला. घामाच्या धारा लागायच्या, नवरदेवाचे मित्र चिडवायचे. मी कॅमेरा मागितला की मामा म्हणायचे, "कॅमेरा डोयाले लावला का मानूस आंधया होते. म्हनून आंधी नुसत्या डोयानं लगन पाह्य." मंगलाष्टक संपताना अक्षता एकदाच पडतात. भटजींना पुन्हा म्हणा म्हणता येत नाही. अंतरपाट केव्हा दूर होणार, मुलीचा मामा कोणत्या बाजूने येणार, हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच ते टिपता येते. जो कॅमेऱ्यातून पहिल्यांदा बघतो, त्याच्या हाती पाठमोरे फेटे लागतात.

आकाशात हेच होते, फक्त पाठमोऱ्या फेट्यावर भागत नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये एक कॅमेरावाला प्रशिक्षक आणि विद्यार्थ्याचे शूटिंग करायला विमानातून निघाला. आठशेच्या वर उड्या मारलेला माणूस. पाठीवर कॅमेऱ्याची सामग्री होती, पॅराशूट नव्हते. ते घालायचेच राहून गेले होते. विमानात कोणाच्याही लक्षात आले नाही. त्याने शूटिंग व्यवस्थित केले आणि अखेरीस हात पॅराशूटकडे गेला. ही गोष्ट या खेळातल्या प्रत्येक नव्या कॅमेरावाल्याला सांगतात. आठशे उड्यांनंतरही कॅमेरा एवढे लक्ष खातो, तर चाळीस उड्यांवर काय उरेल?

चाळीस हा आकडा मी मुद्दाम घेतला. आपल्या मित्राचा मुलगा अकोला-अमरावतीत लग्नाचे शूटिंग करतो, ड्रोन उत्तम उडवतो. साठवलेल्या पैशांतून परदेशात जाऊन शिकला, पहिला परवाना काढला. चाळीस उड्या झाल्या आणि त्याला कोणीतरी सांगितले, "तू तर कॅमेरामनच आहेस. पाहुण्यांचे शूटिंग कर, तुझ्या उड्या फुकट." पोराला स्वर्ग दोन बोटे उरला. त्याच्या वडिलांनी मला रात्री फोन केला आणि विचारले, "तू सांग, होय म्हणू का नाही?"

मी मुलाशी बोललो. त्याला भित्रा म्हटले नाही, कारण तो नाही. त्याला म्हटले, पाहुण्याने विमानात चढण्याआधी कागदावर सही केली आहे. प्रशिक्षकाच्या पाचशे उड्यांवर त्याने भरवसा ठेवला. तुझ्याबद्दल त्याला काहीच माहीत नाही. तू वेगात त्यांच्यावर आदळलास, किंवा त्यांचे पॅराशूट उघडताना वर राहिलास, तर तुझ्यासोबत आणखी दोन घरे रडतील. फुकट मारायची म्हणून जी उडी तू घेशील, तिची किंमत तो भरेल.

मग त्याला पैशांचाही हिशेब सांगितला, कारण व्यवसाय म्हणून विचार करायचा तर तो आधी करावा. मी शिकलो तेव्हा विमानातल्या एका जागेचे तिकीट साधारण ३० डॉलर होते. तीनशे उड्यांचे झाले ९,००० डॉलर. प्रशिक्षण, स्वतःचे पॅराशूट, शिरस्त्राण, कॅमेरे वेगळे. मला एका शूटिंगचे ४० डॉलर मिळायचे. म्हणजे नुसती तिकिटे भरून निघायला सव्वादोनशे शूटिंग. शिवाय एच-वन-बी व्हिसावर नोकरी सोडून दुसरीकडे कमाई करता येत नाही, म्हणून ग्रीन कार्ड येईपर्यंत मी मित्रांचे शूटिंग फुकट केले. तेव्हा वाट पाहणे जिवावर यायचे, पण त्याच वर्षांत मी शिकलो. आता तर पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षकच हातमोज्यावर छोटा कॅमेरा लावून शूटिंग करतो. वेगळ्या कॅमेरावाल्याचे काम कमी झाले आहे. हे ऐकूनही करायचे असेल तर जरूर कर.

करायचे कसे, तेही सांगितले. कॅमेरा कपाटात ठेव. चौघांसोबत उड्या मार, सांगितलेल्या जागी पोचायला आणि तिथे टिकायला शीक. उभ्या वाऱ्याच्या बोगद्यात सराव होतो, आता हैदराबादलाही तशी सोय आहे. त्या वेळेची उड्यांत मोजणी होत नाही, पण अंगाला वळण लागते. स्वतःच्या पॅराशूटची घडी स्वतः घाल. दोनशेनंतर कॅमेरा लाव, पण पहिल्या काही उड्यांत तो बंदच राहू दे.

कोणी म्हणेल, पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, मग आपल्या पोरांना एवढे नियम कशाला? त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार आहे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये नऊवारी नेसून त्यांनी थायलंडमध्ये उडी मारली. पण ध्रुवावर त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला होता, आणि पुढे शेकडो उड्या मारून विद्या कमावली. दुसऱ्याचा जीव जवळ असतो तेव्हा धाडस पुरत नाही, मोजलेला सराव लागतो.

आपल्या गावाला हे नवे नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून इथे उभे आहे. तिथली मंडळी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आली. मल्लखांबावर उलटे लटकणाऱ्या पोराला वस्ताद आधी महिनोन्‌महिने पकड शिकवतो. त्याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही.

त्या मुलाने ती फुकटची उडी नाकारली. लग्नसराईत इथे शूटिंग करतो, पैसे जमले की जातो आणि उड्या मारून येतो. परवा त्याचा संदेश आला : "काका, एकशे बारा." पुढे काही लिहिले नव्हते. अजून अठ्ठ्याऐंशी उड्यांनी तो कॅमेरा डोक्यावर लावू शकेल. त्याचे वडील इथेच तिसऱ्या रांगेत बसले आहेत. ते अजूनही रात्री नीट झोपत नाहीत, आणि मी त्यांना झोपा असे सांगणारही नाही. एवढेच सांगतो, की पोरगा मोजून चालला आहे.

एप्रिल २०२५ पासून आपल्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले आहे. पुढच्या संमेलनाला मी त्यानेच येईन, आणि उतरेपर्यंत आतच बसून राहीन, याची सर्वांनी खात्री बाळगावी.

गुरुजनांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतले, वर्गात ही संधी मला कधी मिळाली नव्हती.