बदलाची नोंद



आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे; पुढचे कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा संगणकाविषयी आम्ही काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु अलीकडे प्रोग्रॅम लिहिणारी मुलेही आमच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येतात. त्यांच्याकडूनच आम्ही हे शिकलो.

कारखान्यात पाळी सुटताना फिटर वहीत लिहून जातो, 'तीन नंबरच्या प्रेसचा ब्रेक सैल आहे, चालवू नये.' त्या एका ओळीने पुढच्या पाळीच्या माणसाची बोटे वाचतात. प्रोग्रॅमचेही तसेच. तो अनेक हातांनी लिहिला जातो. कोणी, केव्हा, काय बदलले याची वही ठेवणारे 'गिट' हे साधन लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी केले. वहीत बदल चढवणे म्हणजे 'कमिट'. त्यासोबत करणाऱ्याने संदेश लिहायचा असतो.

काय बदलले हे यंत्र दाखवतेच. का बदलले हे माणसानेच सांगावे लागते. आणि नेमके तेथेच आपण 'दुरुस्ती केली' एवढे लिहून मोकळे होतो!

गिटमध्ये 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे. कोणत्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, ते ती सांगते. एका कंपनीत हिशेब चुकला आणि एका मुलीचे नाव पुढे आले. बदल वरिष्ठांनी तोंडी सांगितला होता. तिच्या नोंदीत मात्र दोनच शब्द होते, 'किरकोळ दुरुस्ती'. चौकशीत आम्ही तिच्या बाजूने बसलो. पण वहीच मुकी, तेथे आम्ही काय बोलणार? तिची वेतनवाढ गेली.

म्हणून त्या मुलांना आम्ही सांगतो : एका कमिटमध्ये एकच काम करा. पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची, काय केले ते सांगणारी. मग एक ओळ मोकळी सोडा. त्याखाली लिहा, आधी काय अडत होते, हाच उपाय का केला, कोणाच्या सांगण्यावरून केला आणि काय करायचे राहिले.

याला पाच मिनिटे लागतात. घाई मालकाची असते, नाव आपले लागते. आणि पुढच्या पाळीला येणारा, ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही, तोही आपलाच सोबती आहे. त्याला अंधारात ठेवून पाळी सोडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.