नाटकातील दोन भाषणे आणि मुलांचा निबंध



वरिष्ठ प्राथमिक वर्गांतील निबंध बहुधा वर्णनाचा असतो. पावसाळा, जत्रा, आवडता सण हे विषय मुले सहज लिहून जातात. परंतु ‘या दोघांपैकी कोणाचे म्हणणे अधिक पटते व का’ असे विचारले की लेखणी अडखळते. मूल सारी गोष्ट पुन्हा सांगते आणि शेवटी ‘दोन्ही भाषणे चांगली आहेत’ असे लिहून मोकळे होते. हा दोष मुलाचा नव्हे. एक पक्ष घेऊन तो सिद्ध करण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते. या सवयीसाठी नाटकातील भाषणे फार उपयोगी पडतात, आणि दौलताबाद परिसरातील शिक्षकाला तर असे नाटक अंगणातच सापडते.

गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ हे १९६४ सालचे नाटक मूळ कानडी. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजेच दौलताबादेस, हलविली. नाटकात ही घटना केंद्रस्थानी आहे. नाटक प्रौढांसाठी आहे, त्यात हत्या आहेत. ते मुलांच्या हाती जसेच्या तसे देऊ नये. शिक्षकाने दोन प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगावेत, एवढे पुरे.

पहिला प्रसंग आरंभीचाच. एका ब्राह्मणाने सुलतानाविरुद्ध दावा लावून जिंकलेला आहे. आपल्याविरुद्धचा हा निकाल सुलतान भर लोकांत मान्य करतो, आणि न्यायाची अशी छाप पडल्यावर राजधानी हलविण्याचा बेत जाहीर करतो. त्यातील प्रमुख कारणे अशी. दिल्ली सरहद्दीस फार जवळ आहे. आणि दौलताबाद हे हिंदूंचे नगर असल्याने तेथील राजधानी दोन्ही समाजांच्या ऐक्याची खूण ठरेल. हे आमंत्रण आहे, आज्ञा नव्हे, असेही तो सांगतो. पुढे नमाजाच्या वेळी त्याच्या हत्येचा कट उघडकीस येतो, आणि तोच सुलतान सक्तीचा हुकूम सोडतो: दिल्लीत दिवा दिसता कामा नये, चुलीचा धूर निघता कामा नये.

दुसरा प्रसंग अखेरचा, दौलताबादच्या किल्ल्यातला. तो दावा जिंकणारा ब्राह्मण वस्तुतः अझीझ नावाचा धोबी होता. आता तो खलिफाच्या वंशजाचे सोंग घेऊन आला असता पकडला गेला आहे, आणि शिरच्छेद समोर दिसत आहे. तो दयेची याचना करीत नाही. सुलतानाच्या प्रत्येक नव्या धोरणाचा आपण कसा लाभ उठविला हे तो सांगतो आणि म्हणतो की सुलतानाची शिकवण मनापासून आचरणारा राज्यात आपल्यासारखा दुसरा नाही. सुलतान त्याला शिक्षा करीत नाही; उलट दक्षिणेत अधिकाराची जागा देतो.

येथे निबंधाचा खरा प्रश्न उभा राहतो. सुलतानाची कारणे उदात्त, तरी लोकांना ती पटत नाहीत व शेवटी बळ वापरावे लागते. अझीझ लबाड, तरी त्याचे बोलणे पटते. मग श्रेष्ठ युक्तिवाद कोणाचा? जो पटला तो, की ज्याची कारणे चांगली तो? मुलांमध्ये यावर मतभेद झाला तर शिक्षकाने आनंद मानावा व निवाडा देण्याची घाई करू नये.

पक्ष ठरला की तो एका वाक्यात लिहून घ्यावा. ‘सुलतानाचे भाषण चांगले आहे’ हा पक्ष नव्हे. ‘सुलतानाने कारणे दिली, पण उलट विचारण्यास कोणाला जागा ठेवली नाही, म्हणून त्याचे भाषण फसले’ हा पक्ष होय. कारण त्यावर वाद घालता येतो. मग आधार भाषणातूनच काढावा: वक्ता कोण, ऐकणारा कोण, ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते काय. सुलतानासमोर असा समुदाय आहे ज्याला त्याचे भय वाटते. अझीझसमोर सुलतान आहे आणि भय अझीझला आहे. एवढा भेद दिसला तरी तुलना निम्मी झाली. विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे, म्हणजे आपल्या शास्त्रांतील पूर्वपक्ष, एका परिच्छेदात प्रामाणिकपणे मांडून त्यास उत्तर द्यावे. ही पायरी मुले हमखास गाळतात. पहिल्या खेपेस एवढे जरी साधले तरी शुद्धलेखनाच्या चुका थोड्या सोसाव्यात.

एक सावधगिरी मात्र हवी. ही भाषणे कार्नाडांनी रचलेली आहेत. सुलतान खरोखर असे बोलला, असा पुरावा म्हणून ती इतिहासाच्या वहीत जाता कामा नयेत. त्या काळाविषयी जे कळते ते झियाउद्दीन बरनी आणि प्रवासी इब्न बतूता यांच्यासारख्यांच्या लिखाणातून, आणि त्यांनीही ते काही वर्षांनंतर लिहिलेले आहे.

भाषणात काय सांगितले यापेक्षा कोणाला विचारले नाही, हे शोधणे मुलांना अवघड जाते. दौलताबादच्या मुलाला ते सोपे जावे. ऐक्याचे ते सारे बोलणे दिल्लीच्या लोकांपुढे झाले. ज्या देवगिरीच्या नावावर ते झाले, तेथील माणसाला त्या भाषणात जागाच नाही. वर्ग किल्ल्यावर नेता आला तर खंदकाजवळ मुलांना बसवून शिक्षकाने एवढाच प्रश्न टाकावा: राजधानी येत आहे, हे येथल्या शेतकऱ्याला, कुंभाराला कोणी विचारले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते? ते उत्तर मुलांनी तिथेच पाटीवर वा वहीत चार ओळींत लिहावे. निबंध दुसऱ्या दिवशी, शाळेत.